मिररवरचे डाउनलोड मोजताना : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

१२ जून २०२५

अनुदानाच्या अर्जात एक रकाना आहे : 'आजवरचे एकूण डाउनलोड'. त्यावरून हे काम निघालं.

आपल्या संचात तीन गोष्टी आहेत : देवनागरी फॉन्ट, कळफलक आणि शुद्धलेखन तपासनीस. विंडोजसाठी इन्स्टॉलर, लिनक्ससाठी झिप. फाइली चार ठिकाणी आहेत; दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या अशा प्रतीला मिरर म्हणतात. आपला भाड्याचा सर्व्हर, पुण्यातल्या एका कॉलेजचा मिरर, नागपूरच्या मित्राचा मिरर आणि जर्मनीत नोकरी करणाऱ्या एका मराठी माणसाने हौसेने चालवलेला चौथा. याशिवाय कुणी परस्पर आरसिंकने (फाइलींची हुबेहूब प्रत करणारं साधन) उतरवून ठेवलं असेल तर ते आपल्याला कळणारही नाही. परवाना मुक्त आहे, कळवायची अट नाही आणि नसावीही.

सध्या पानावर झळकतो तो आकडा बटणावरच्या क्लिकचा आहे. व्हॉट्सअॅपवर कुणी थेट फाइलची लिंक पुढे पाठवली की ती क्लिक त्यात येत नाही. आणि ज्याने तीनदा बटण दाबलं तो तीनदा येतो.

माझं म्हणणं, आधी काय मोजायचं ते ठरवू. काकांचं म्हणणं, आधी लॉग, म्हणजे सर्व्हरवरची मागण्यांची नोंदवही, तर उघडून बघू. काकांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, कॉलचे मीटर वाचण्यात हयात गेली. त्यांचं ऐकतोय.

१५ जून

मिररवाल्यांना लॉगबद्दल लिहिलं. लिहिताना हात अडखळतो. हे लोक स्वतःच्या पैशाने जागा आणि बँडविड्थ देतात. त्यांच्याकडे हिशेब मागायचा म्हणजे अन्नदान करणाऱ्याला किती पानं उठली ते लिहून द्या म्हणण्यासारखं आहे.

उत्तरं आली. कॉलेजकडे १८० दिवसांचे लॉग आहेत, सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे ठेवलेले. पण कच्चे लॉग बाहेर देणार नाहीत, बेरजा करून देतील. बरोबरच आहे त्यांचं. नागपूरचा मित्र सगळं द्यायला तयार, पण त्याच्या डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) जुने लॉग पुसणारं लॉगरोटेट जसं आलं तसंच आहे, म्हणजे रोज एक फाइल आणि चौदा झाल्या की जुनी पुसली. जर्मनीवाला आयपी पत्त्याचा (नेटवरच्या मशीनचा क्रमांक) शेवटचा भाग कापूनच लॉगमध्ये लिहितो, कारण तिथला विदासंरक्षण कायदा.

अर्जातला 'आजवरचे' हा शब्द इथेच निकालात निघाला. मागचं कुणाकडेच पुरतं नाही.

२१ जून

आपल्याच सर्व्हरचा लॉग उघडला. एकच पत्ता, एकच फाइल, एकाच मिनिटात ओळींमागून ओळी, आणि सगळ्यांवर २०६. २०० म्हणजे पूर्ण फाइल मागितली आणि दिली; २०६ म्हणजे फाइलचा तुकडा. डाउनलोड मॅनेजर फाइल तुकड्यांत मागवतो, प्रत्येक तुकड्याची वेगळी ओळ पडते.

पडताळून बघायला आरिया-टू घेतलं, तोही एक डाउनलोड मॅनेजर. आठ जोडण्या वापर म्हणून सांगितलं, फाइल ४८ एमबीची. लॉगमध्ये ओळी आल्या दोनच. कारण सापडलं : आरिया-टूचा तुकड्याचा किमान आकार मुळात २० एमबी असतो आणि त्याच्या दुपटीपेक्षा लहान भाग ते फोडत नाही. तो आकार १ एमबी केल्यावर आठ ओळी मिळाल्या. म्हणजे एकच माणूस, एकच फाइल, आणि लॉगमधल्या ओळी एक, दोन किंवा आठ, त्याने सेटिंगमध्ये काय ठेवलंय त्यावर.

काका म्हणाले, मग फक्त २०० मोजू. ते चालणार नाही. काही डाउनलोड मॅनेजर पहिली मागणीच तुकड्याची करतात, त्यांच्या खात्यावर २०० कधी पडतच नाही. आणि आपल्याकडे ते वापरतं कोण? ज्याचं नेट मध्येच तुटतं तो. फक्त २०० मोजलं तर गावाकडचा माणूस हिशेबातून पहिला बाहेर.

तुकडा शून्यापासून सुरू होतो का हे पाहिलं तर मार्ग निघतो. पण नेहमीच्या 'कंबाइंड' साच्याच्या लॉगमध्ये रेंज हेडर, म्हणजे कुठला तुकडा मागितला ते, लिहिलाच जात नाही. आपल्या सर्व्हरवर तो आजपासून लिहायला लावला. बाकीच्यांना एवढ्यात त्रास देत नाही.

२४ जून

दुसरी कल्पना : ओळी मोजूच नयेत. किती बाइट गेले त्यांची बेरीज करायची आणि फाइलच्या आकाराने भागायचं. तुकडे कितीही होवोत, भागाकार तोच. अर्धवट सुटलेलं डाउनलोड अर्धंच धरलं जाईल. मला ही पद्धत फार आवडली होती.

मग कर्ल या आज्ञेने वेग बांधून डाउनलोड लावलं आणि थोडं झाल्यावर कंट्रोल-सी दाबून तोडलं. सर्व्हर चालवणारी दोन सॉफ्टवेअरं वेगळी वागली : एनजिनएक्सने जितके बाइट पाठवले तितकेच लिहिले. अपाचेने पूर्ण ४८ एमबी लिहिले! दोन्ही मशीनवर पुन्हा करून पाहिलं, तेच. हा बिघाड नाही, अपाचेच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे : दोन-शून्य आवृत्तीपासून लॉगच्या साच्यातलं पर्सेंट-बी म्हणजे उत्तराचा आकार, प्रत्यक्ष पाठवलेले बाइट नव्हेत. खरे बाइट हवे असतील तर लॉग-आयओ मॉड्यूल लावून पर्सेंट-ओ लिहायचं.

आपला आणि नागपूरचा सर्व्हर एनजिनएक्स, कॉलेजचा आणि जर्मनीचा अपाचे. चारही लॉग एकत्र करून एकच स्क्रिप्ट चालवली असती तर अपाचेवाले मिरर फुकटच कार्यक्षम ठरले असते. कॉलेजच्या सिस्टिम अॅडमिनना विचारलं. एका ओळीचा बदल आहे म्हणाले आणि करून टाकला. जुन्या १८० दिवसांना मात्र त्याचा उपयोग नाही.

२९ जून

वेळेचा घोळ. जर्मनीचा सर्व्हर यूटीसीवर आहे, त्याची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. कॉलेजने तासातासाच्या बेरजा दिल्यात, पण भारतीय वेळेत. साडेपाचातला तो अर्धा तास कुठल्याच तासात नीट बसत नाही. तास आणि दिवस दोन्ही सोडून दिले. सोमवार ते रविवार असा आठवडा धरायचा, कडेची चूक सोसायची.

६ जुलै

आषाढीची सुट्टी सत्कारणी लावली. लॉगमधला कचरा काढला.

हेड प्रकारच्या मागण्या काढल्या. त्यात फाइल जातच नाही, ती आहे का एवढंच विचारलं जातं. शोधयंत्रांचे बॉट काढले. आपलंच देखरेखीचं स्क्रिप्ट काढलं. सगळ्यात मोठा वाटा निघाला स्वयंचलित चाचण्यांचा. कुणाच्या तरी प्रकल्पात आपला फॉन्ट लागतो आणि त्यांनी कोडमध्ये काहीही बदललं की नवं आभासी मशीन उठतं, आपली झिप उतरवतं आणि मरून जातं. तो वापर खरा आहे, पण ती माणसं नाहीत. वेगळ्या ढिगात ठेवलं, फेकलं नाही.

हे सगळ्यांनाच भोवतं. आर भाषेच्या पॅकेजांचे जे डाउनलोड-आकडे सगळीकडे उद्धृत होतात, ते ही पॅकेजं ठेवणाऱ्या क्रॅनच्या जगभरच्या मिररांपैकी एकाचे, आरस्टुडिओच्या क्लाउड मिररचे असतात. त्याचे लॉग ऑक्टोबर २०१२ पासून रोजच्या रोज खुले आहेत. त्यातही पाचशे बाइटांच्या आसपासच्या असंख्य नोंदी सापडतात, ज्यात पॅकेज मुळात उतरलेलंच नसतं. पायथॉनच्या पायपीआय या पॅकेजसाठ्याची आकडेवारी देणारे मिरर धरून वेगळी आणि मिरर वगळून वेगळी देतात. यावरून धडा एवढाच घेतला की आपणही आकड्याशेजारी व्याख्या छापायची.

१३ जुलै

आज दिवसभर आयपी पत्ते. 'वेगवेगळे पत्ते म्हणजे वेगवेगळी माणसं' हे गृहीतक तपासलं, आणि ते दोन्ही बाजूंनी फाटतं.

एका बाजूला सीजीनॅट. मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. हॉस्टेलचं तर विचारूच नका. तिथे पन्नास जणांनी उतरवलं तरी आपल्याला दिसतो एक.

दुसऱ्या बाजूला आयपीव्ही-सहा, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते. गोपनीयतेसाठी उपकरण आपल्या पत्त्याचा उत्तरार्ध स्वतःच बदलत राहतं, त्यामुळे आज उतरवलेलं अर्धं आणि उद्या पूर्ण केलेलं, असा एकच माणूस दोघे होतो. याला उपाय आहे : पूर्ण पत्ता न धरता पहिले ६४ बिट धरायचे. मोबाइलच्या जाळ्यात एका फोनला साधारणपणे एक अख्खा ६४ बिटांचा उपसर्ग मिळतो, घरच्या राउटरलाही तसाच. म्हणजे मोजणी माणसाच्या नाही तरी घराच्या किंवा फोनच्या जवळ जाते. जुन्या आयपीव्ही-चारला असा उपाय नाही.

आणि मग पेनड्राइव्ह. आपल्या गटातल्या ताई ज्या शाळांमध्ये प्रशिक्षण देतात तिथे शिक्षक एकदा उतरवतात आणि अख्ख्या लॅबमध्ये घालतात. लॉगमध्ये ओळ एक, मशीन लॅबभर. ते मिररच्या लॉगमधून कधीच दिसणार नाही. मला वाटतं आपला सर्वांत घट्ट वापर तिथेच आहे.

२० जुलै

बाकीचे काय करतात ते वाचत बसलो. लांबलं, पण कामाचं आहे.

डेबियन डाउनलोड मोजण्याच्या भानगडीतच पडत नाही. त्यांच्याकडे पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट नावाचं पॅकेज आहे, सगळे पॉपकॉन म्हणतात. इन्स्टॉल करताना विचारलं जातं, मूळ उत्तर 'नाही' असतं. 'हो' म्हटलं तर मशीन आठवड्यातून एकदा बसवलेल्या पॅकेजांची यादी पाठवतं. गंमत पुढे आहे : पॅकेज नुसतं बसवलंय की वापरलंही जातंय, हे ते फाइल शेवटची कधी वाचली गेली त्या वेळेवरून ठरवतं. ज्याने डिस्क 'नोएटाइम'ने, म्हणजे ती वेळ न लिहिण्याच्या सेटिंगने, जोडली त्याचा वापर दिसतच नाही. लिनक्स २.६.३० पासून 'रिलेटाइम' ही मूळ सवय झाली. त्यात फाइल वाचली जात असेल तर ती वेळ किमान दिवसातून एकदा ताजी होते, म्हणून पॉपकॉनचं निभावतं. पण चालवण्याजोगी फाइलच नसलेली पॅकेजं, नुसते फॉन्ट वगैरे, यांचा वापर तिथे कळत नाही. आपला निम्मा संच त्याच जातीचा.

पॉपकॉनवरून डेबियन वापरणारे किती हे कुणी सांगत नाही, सांगूही नये. 'हो' म्हणणारे शेकडा किती हेच ठाऊक नसतं. पण कुठलं पॅकेज कुठल्यापेक्षा जास्त चालतं हे त्यावरून कळतं, आणि पहिल्या सीडीवर कुठली पॅकेजं घालायची हे ठरवायला त्यांना तेवढं पुरलं.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सची पद्धत मला जास्त पटली. तिथे पूर्वी अपडेट मागणारे आयपी पत्ते मोजत. २०२० साली फेडोरा ३२ पासून 'काउंटमी' आलं. मशीन एरवीही मिररांची यादी मागायला जातंच. आठवड्यातून एकदा त्या मागणीला एक अंक चिकटतो, १ ते ४. पहिला आठवडा असेल तर १, पहिला महिना २, साधारण सहा महिन्यांपर्यंत ३, त्यापुढे ४. ओळखक्रमांक नाही, काही नाही. तरी दोन गोष्टी कळतात : या आठवड्यात किती मशीन जिवंत होती, आणि त्यातली किती टिकलेली आहेत. चाचणीसाठी उठून मरणारी मशीन आपोआप १ मध्ये अडकतात. किती कमी विचारून किती मिळवलंय!

मोझिलाने १७-१८ जून २००८ला फायरफॉक्स ३च्या वेळी चोवीस तासांत ८०,०२,५३० डाउनलोडचा गिनीज विक्रम केला होता. तो आकडा टिकला कारण प्रश्न बांधलेला होता : एक आवृत्ती, एक दिवस. 'आजवरचे एकूण' असा रकाना त्यात नव्हता.

२ ऑगस्ट

मिररबिट्स बसवलं, मागण्या मिररांकडे वळवणारं सॉफ्टवेअर. व्हीएलसी प्लेअरवाल्या व्हिडिओलॅनच्या गोटातून आलेलं, गो भाषेतलं, मागे रेडिस हा विदासाठा. सगळ्या लिंका आता आपल्या एका पत्त्यावर येतात. ते मागणाऱ्याचं ठिकाण पाहतं, कुठल्या मिररवर ती फाइल खरंच आहे ते त्याला आधीच माहीत असतं, आणि तिकडे पाठवतं. मोजणी इथेच होते. मिररवाल्यांना लॉग मागायची गरज संपली, हा माझ्या लेखी सर्वांत मोठा फायदा. तुकड्यांचा प्रश्नही सुटला : त्याच माणसाकडून त्याच फाइलच्या तुकड्यांच्या मागण्या ठरावीक वेळात पुन्हा आल्या तर ते एकच डाउनलोड धरतं.

पुनर्निर्देशन (मागणी दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) ३०२चंच, म्हणजे तात्पुरतं, ठेवायचं. कुणीतरी ३०१ सुचवलं होतं, 'कायमचं' असतं म्हणून. कायमचं असतं हीच अडचण : ब्राउझर ते लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी आपल्याला न विचारता थेट मिररवर जातो. मोजणी गेली, आणि तो मिरर बंद पडला तर माणूसही अडकला.

उणीव एकच, आपल्याला कळते ती इच्छा. पूर्ण झालं की नाही ते मिररला ठाऊक. आपल्या सर्व्हरवर गेलेल्यांचं पूर्ण होण्याचं प्रमाण काढता येतं, तेवढंच बाजूला लिहायचं. ते बाकीच्या मिररांना लावून गुणाकार करायचा मोह काकांना झाला. मी नको म्हटलं. जर्मनीतलं नेट आणि गडचिरोलीतलं नेट एकच धरायचं?

१० ऑगस्ट

काल डेबियन १३ आलं. सर्व्हर आत्ता अपग्रेड करायचा नाही, मोजणीच्या मध्यात तर नाहीच.

वेगळी घरं मोजायची तर पत्ते साठवावे लागतात, आणि ते मला नको आहे. 'हॅश करून ठेवू', म्हणजे पत्त्याऐवजी त्यावरून गणिताने काढलेली खूण ठेवू, हे उत्तर सगळे देतात. पण आयपीव्ही-चारचे पत्ते आहेतच मुळी ४३० कोटींच्या आत. साध्या लॅपटॉपवरही सगळ्यांचे हॅश काही तासांत काढून उलट तक्ता बनतो. तो हॅश म्हणजे लपवलेला पत्ता नव्हे, वेगळ्या लिपीत लिहिलेला पत्ता.

म्हणून आठवड्याचं मीठ : दर सोमवारी यदृच्छ संख्या तयार होते, ती फक्त मेमरीत राहते, पत्त्यात मिसळून हॅश होतो, आठवडा संपला की ती संख्या नष्ट. सर्व्हर मध्येच रीस्टार्ट झाला तर त्या आठवड्याची मोजणी फुगेल. तसा शेरा आपोआप पडेल अशी सोय केली.

आणि हॅशही साठवायचे नाहीत. रेडिसमध्ये हायपरलॉगलॉग तयारच आहे. फ्लाजोले आणि सहकाऱ्यांची २००७ची पद्धत : हॅशच्या सुरुवातीला किती शून्यं सलग आली याची सर्वांत मोठी नोंद हजारो लहान खणांत ठेवायची, आणि त्यावरून वेगवेगळ्या गोष्टी किती येऊन गेल्या याचा अंदाज काढायचा. रेडिस १६,३८४ खण वापरतं, जागा १२ केबी, प्रमाणित त्रुटी ०.८१ टक्के. आपल्या बाकीच्या अनिश्चिततेपुढे ही त्रुटी कुठेच नाही.

चारही मिररवर असे खण ठेवून नंतर एकत्र करता येतात, पण त्यासाठी मीठ सगळ्यांकडे सारखं लागतं, म्हणजे ते फिरवावं लागतं. फिरवलं की त्याचं गुपित राहत नाही. मिररबिट्समुळे सगळ्या मागण्या एकाच दारातून येतात, तेव्हा नकोच ते.

१७ ऑगस्ट

शुद्धलेखन तपासनीस नवा शब्दसंग्रह आलाय का हे आठवड्याला विचारतोच. त्या मागणीला फेडोरासारखा १ ते ४ अंक जोडायचा प्रस्ताव मांडला. ताईंनी हात वर केला : "लोकांच्या मशीनने आपल्याला काही सांगावंच का?"

दोन तास गेले. काकांच्या मते अंकात काहीच नाही. ताईंच्या मते अंकात काही नाही हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. फेडोरा हे मुळात चालू ठेवतं, डेबियन मुळात बंद. शेवटी ठरलं : इन्स्टॉल करताना विचारायचं, आधीपासून खूण करून ठेवायची नाही, आणि मजकूर ताई लिहितील. त्यांनी तिथेच लिहिला : "तुमची परवानगी असेल तर हा संच आठवड्यातून एकदा आम्हाला १ ते ४ पैकी एक अंक पाठवेल. तुम्ही तो किती दिवसांपासून वापरता एवढंच त्यातून कळतं. तुम्ही काय लिहिता ते तुमच्या मशीनबाहेर जात नाही."

मी एक वाक्य वाढवायला लावलं : मागणी येते तेव्हा पत्ता सर्व्हरला दिसतोच, पण तो लिहून ठेवला जात नाही. त्या मार्गासाठी एनजिनएक्सचा अॅक्सेस लॉग बंद केला, त्याच्या जागी मोजणीचे चार खण, एकेका अंकाचा एक.

३१ ऑगस्ट

गणपती. काम शून्य. मोजणी चालू आहे, सर्व्हर पडलेला नाही.

१४ सप्टेंबर

मोजणीचा पहिला खरा उपयोग, आणि तो आकड्याचा नव्हे. विंडोजचा इन्स्टॉलर मागणाऱ्यांत अँड्रॉइडवरचे ब्राउझर दिसतायत, आणि तुरळक नाहीत. व्हॉट्सअॅपवर लिंक येते, माणूस फोनवर दाबतो, फोनमध्ये ईएक्सई फाइल येऊन पडते. फोनमध्ये तिचं काय होणार? काही जण ती केबलने संगणकावर नेत असतील. बाकीचे 'चालत नाही' म्हणून सोडून देत असणार, आणि इतकी वर्षं आपण त्यांना डाउनलोड म्हणून मिरवत होतो.

ताईंनी पान बदललं. फोनवरून आलं तर बटणाऐवजी 'हे संगणकासाठी आहे, लिंक स्वतःला पाठवून ठेवा' असं दिसतं. आता आकडा खाली येईल. येऊ दे.

२८ सप्टेंबर

अर्ज भरला. रकान्यात एक संख्या सोडून दुसरं काही बसत नाही. त्यात पुनर्निर्देशकाने (मिररबिट्सने) मोजलेली, तुकडे एकत्र केलेली, बॉट आणि चाचण्या वगळलेली, सहा आठवड्यांची संख्या लिहिली आणि पुढे 'आजवरचे नव्हे' असं. सोबत एक पान जोडलं : आठवड्याला वेगळी घरं किती, आपल्या सर्व्हरवर पूर्ण झालेली किती, आणि काय काय मोजलेलंच नाही त्याची यादी. यादीत पेनड्राइव्ह पहिला. अंकांच्या मोजणीला अजून जेमतेम सुरुवात आहे, ३ आणि ४ चे खण भरायला महिने जातील, म्हणून ती जोडली नाही.

पानावरचा क्लिकचा आकडा काढून टाकला. काकांना जरा वाईट वाटलं, तो त्यांनीच लावला होता.

५ ऑक्टोबर

अर्ज वाचणाऱ्या बाईंचा फोन आला. मागच्या अर्जातल्यापेक्षा आकडा इतका लहान कसा, असं विचारत होत्या. जोडलेलं पान त्यांनी वाचलं नव्हतं. फोनवर वाचून दाखवलं. पेनड्राइव्हपाशी त्यांनी थांबवलं, शाळांची संख्या वेगळी पाठवता येईल का म्हणाल्या. ताईंकडे प्रशिक्षणाच्या हजेरीवह्या आहेत, त्यातून काढून पाठवतो म्हटलं.

बाकी : जर्मनीचा मिरर पुढच्या महिन्यात बंद होतोय, मिररबिट्सच्या यादीतून काढायचा. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चं समर्थन संपतंय, त्या आठवड्यात लिनक्सची झिप वाढते का पाहायचं. डेबियन १३ त्यानंतर.